पॅनेलवर ५८०, भट्टीत किती?

पत्र थोडक्यात: पत्रलेखिका पुण्याजवळच्या एका एमआयडीसीत, जॉबवर्कवर चालणाऱ्या हीट ट्रीटमेंट युनिटमध्ये क्वालिटीचं काम पाहतात. मेटलर्जीचा डिप्लोमा, नोकरीचं चौथं वर्ष. ईएन १९ या मिश्र पोलादाच्या शाफ्टची एक बॅच गिऱ्हाइकाकडून परत आली. ड्रॉइंगवर हार्डनेस (कडकपणा) ३० ते ३४ एचआरसी, एरवी यांचा माल ३१ च्या आसपास येतो, या वेळी २८-२९. टेम्परिंग (कडक केलेलं पोलाद पुन्हा तापवून थोडं नरम करणं) पिट फर्नेसमध्ये, म्हणजे वरून झाकण असलेल्या उभ्या भट्टीत, ५८० अंशांवर झालं आणि रेकॉर्डरचा चार्टही सरळ ५८० दाखवतो. त्यांनी एनएबीएल सर्टिफिकेट असलेला नवा के टाइप थर्मोकपल (दोन धातूंच्या तारांचा तापमानाचा सेन्सर) झाकणाच्या भोकातून आत सोडला, तर ६०६. भट्टीवरच्या मामांनी झाकण उचलून इन्फ्रारेड गन मारली, तर ५४०. मामा म्हणतात, "दिवाळीपासून नाटकं करतेय ही. सकाळी बरी असते, दुपारी अंगात येतं." दिवाळीच्या सुट्टीत पॅनेल सरकवून भिंतीला लावलं होतं. दिवसाच्या पहिल्या चार्जला (भट्टीच्या भरणीला) फरक आठ-दहा अंशांचा असतो, दुपारी पंचवीसच्या वर जातो. मालकांचं म्हणणं असं, की कंट्रोलरमध्ये २६ चा ऑफसेट (मोजलेल्या आकड्यात ठरावीक भर) टाका, आकडे जुळवा, महिन्यावर आलेलं ऑडिट पार पडू दे; फारच अडलं तर नवा डिजिटल कंट्रोलर घेऊ. त्यांचे प्रश्न: तीन आकड्यांतला खरा कोणता? ऑफसेट टाकणं ही लबाडी आहे का? आणि गिऱ्हाइकाला सांगायचं का?

नमस्कार,

तुमच्या पत्रातलं सगळ्यात मोलाचं वाक्य मामांचं आहे. "सकाळी बरी असते, दुपारी अंगात येतं." तुम्ही ते गंमत म्हणून लिहिलंत असं वाटलं, कारण पुढच्याच ओळीत तुम्ही कंट्रोलरच्या मॉडेलवर गेलात. मी मात्र तिथेच थांबलो. थर्मोकपल म्हातारा झाला असता, तर ५८० अंशांवर तो सकाळी आणि दुपारी साधारण सारखाच चुकला असता. कंट्रोलरचं इनपुट बिघडलं असतं तरी फार वेगळं दिसलं नसतं. भट्टी तेवढीच गरम असताना चूक आठावरून सव्वीसवर जाते, याचा अर्थ या चुकीमागचं कारण भट्टीच्या बाहेर आहे आणि ते दिवसभरात हळूहळू तापतंय. बाहेर तापण्यासारखं काय आहे? झाकणाजवळचं थर्मोकपलचं हेड, म्हणजे थर्मोकपलला केबल जोडतात ती डबी. म्हणून माझा पहिला संशय हेडपासून पॅनेलपर्यंतच्या केबलवर आहे. पॅनेल सरकलं म्हणजे केबल कमी पडली असणार, आणि कमी पडली म्हणजे कोणीतरी काहीतरी जोडलं असणार.

हे नीट कळायला थर्मोकपल काय करतो ते एकदा पाहू. आपण समजतो की टोकाच्या वेल्डमध्ये तापमानाची वीज तयार होते आणि तारा ती नुसती पॅनेलपर्यंत वाहून नेतात. तसं होत नाही. सीबेकने १८२१ मध्ये जो परिणाम पाहिला तो तारेच्या अख्ख्या लांबीचा आहे. तारेच्या ज्या भागात तापमान उतरत जातं, त्या भागात व्होल्टेज तयार होतं. टोक तर सगळं एकाच तापमानाला असतं, तिथे काहीच होत नाही. के टाइपमध्ये क्रोमेल आणि अल्युमेल या दोन तारांमधला फरक अंशामागे साधारण ४१ मायक्रोव्होल्ट भरतो. ५८० अंशांना मिळून जेमतेम २४ मिलिव्होल्ट. एवढ्याशा विजेवर आपण टनावारी पोलाद कडक आणि नरम करतो.

आता कंट्रोलरला या व्होल्टेजवरून फक्त 'गरम टोक आणि थंड टोक यांच्यातला फरक' कळतो. थंड टोक म्हणजे त्याचे स्वतःचे टर्मिनल. म्हणून तो टर्मिनलचं तापमान आत बसवलेल्या छोट्या सेन्सरने मोजतो आणि त्यात मिळवतो. हा हिशोब बरोबर यायचा तर हेडपासून पॅनेलपर्यंतची केबलसुद्धा थर्मोकपलसारखी वागणाऱ्या धातूंचीच हवी. आपण तिला कॉम्पेन्सेटिंग केबल म्हणतो ती. मध्येच साधी तांब्याची वायर आली की साखळी हेडवरच संपते. हेड ६४ अंशांवर आणि पॅनेल ३८ वर असेल, तर मधले २६ अंश कोणीच मोजत नाही. कंट्रोलर २६ ने कमी दाखवतो, कमी दिसलं म्हणून हीटर जास्त चालवतो, आणि भट्टी ६०६ वर जाऊन बसते. सकाळी झाकण नुकतंच तापू लागलेलं असतं. हेड ४५, पॅनेल ३६ धरा, फरक ९. हे आकडे माझ्या अंदाजाचे आहेत, पण तुमच्या दोन्ही फरकांना किती बरोबर बसतात पाहा.

दुसरी शक्यता याहून चोरटी आहे. केबल योग्य प्रकारचीच आहे, पण दोन्ही टोकांना उलटी जोडली आहे. हे असं होतं: इलेक्ट्रिशियन हेडमध्ये तारा उलट्या लावतो, भट्टी सुरू केल्यावर आकडा वर जायच्या ऐवजी खाली पळतो, मग तो पॅनेलमध्ये तारा अदलाबदल करतो, आकडा चढायला लागतो, आणि सगळे चहाला जातात. पण मधली केबल उलटीच राहिली. अशा वेळी चूक दुप्पट होते: हेड आणि पॅनेलमध्ये १३ अंशांचा फरक असला तरी कंट्रोलर २६ ने कमी दाखवतो. इलेक्ट्रिशियनला फार दोष देऊ नका. रंगांचा गोंधळच तसा आहे. अमेरिकी पद्धतीत के टाइपची पिवळी तार प्लस आणि लाल मायनस. जुन्या जर्मन पद्धतीत लाल प्लस आणि हिरवी मायनस. जुन्या ब्रिटिशमध्ये तपकिरी प्लस, निळी मायनस. आताच्या आयईसी (आंतरराष्ट्रीय) पद्धतीत हिरवी प्लस, पांढरी मायनस. आपल्याकडच्या बाजारात हे सगळे रंग एकाच दुकानात मिळतात. आयुष्यभर लाल म्हणजे प्लस समजून काम केलेल्या माणसाने अमेरिकी केबल उलटी जोडली तर त्यात नवल काय.

त्यामुळे कंट्रोलरला हात लावण्याआधी एक दुपार केबलला द्या. भट्टीत जॉब (माल) नसताना, हेड पूर्ण तापलेलं असताना. शॉप फ्लोअरवर सहज मिळेल असा एक साधा लोहचुंबक घ्या. के टाइपची मायनस तार, म्हणजे अल्युमेल, चुंबकाला चिकटते. क्रोमेल चिकटत नाही. मात्र गरम अल्युमेल साधारण दीडशे अंशांच्या पुढे हा गुण सोडते, म्हणून ही तपासणी हेडमध्येच करा, भट्टीतल्या टोकाला नाही. हेडमधली चिकटणारी तार केबलच्या कोणत्या रंगाला जोडली आहे आणि तोच रंग पॅनेलमध्ये मायनसला गेलाय का, ते वहीत लिहून घ्या. तोंडी नको. मग केबल अख्खी हाताने चाचपत जा. ट्रेमध्ये, भिंतीच्या कोपऱ्यात, टेप गुंडाळलेला सांधा सापडला तर तो उघडा. तारेचं टोक ब्लेडने जरा खरवडा. दोन्ही तारा तांबूस निघाल्या तर ती साधी वायर आहे. एकच तांबूस निघाली तर घाई करू नका, के टाइपच्या एका जुन्या, स्वस्त कॉम्पेन्सेटिंग केबलमध्ये प्लसची तार तांब्याचीच असते आणि ती साधारण शंभर अंशांपर्यंत चालते.

आणि तरी शंका उरली तर केसांचा ड्रायर. भट्टी ५८० वर स्थिर होऊ द्या, कंट्रोलर मॅन्युअलवर टाका म्हणजे तो मध्येच हीटर कमी-जास्त करणार नाही, आणि हेडवर, जिथे केबल जोडली आहे तिथे, दोन-तीन मिनिटं गरम हवा मारा. केबल बरोबर असेल तर पॅनेलवरचा आकडा जवळपास हलणार नाही. चूक असेल तर तुम्ही हेड तापवताय आणि आकडा खाली येतोय, असं उलटं चित्र दिसेल. ज्याला मायक्रोव्होल्टचं गणित सांगून पटत नाही त्याला हे बघून पटतं. मालकांना त्या वेळी मुद्दाम बोलवा. ड्रायर फार जवळ धरू नका, पीव्हीसीचं आवरण वितळतं. खरं तर झाकणाजवळ पीव्हीसी केबल असूच नये, तिथे फायबरग्लास किंवा टेफ्लॉनच्या आवरणाची हवी. कारण वितळलेल्या आवरणातून दोन तारा एकमेकींना टेकल्या, की तिथेच नवा सांधा तयार होतो आणि कंट्रोलरला भट्टीच्या ऐवजी त्या टेकलेल्या जागेचं तापमान दिसू लागतं. थर्मोकपल तुटला तर बहुतेक कंट्रोलर आकडा वर नेऊन हीटर बंद करतात; टेकलेल्या तारांना मात्र ते ओळखत नाहीत. तो ७० अंश बघत बसतो आणि हीटर पूर्ण जोरात चालू राहतो. तुमच्या भट्टीला वेगळा थर्मोकपल लावलेला, वेगळा ओव्हर-टेम्परेचर कट-ऑफ आहे का, हे पत्रात नाही. नसेल तर नव्या कंट्रोलरचे पैसे आधी त्यावर खर्च करा.

आता ऑफसेट. तो टाकणं ही जात्याच लबाडी नाही. सगळी साखळी तपासून झाल्यावर शेवटी दोन-तीन अंशांचा ठाम फरक उरतो. तो कंट्रोलरमध्ये टाकायचा, किती टाकला, कधी टाकला, कोणी टाकला हे लिहायचं आणि सही करायची. हीट ट्रीटमेंटच्या ऑडिटमध्ये हे चालतं. तुमच्या बाबतीत अडचण नीतीच्या आधी गणिताची आहे. रोज दहा मिनिटं मागे पडणारं घड्याळ पुढे लावून घेता येतं, पण सकाळी तीन मिनिटं आणि दुपारी दहा मिनिटं मागे पडणाऱ्याला किती पुढे लावणार? २६ चा ऑफसेट टाकलात तर दुपारचा माल सुधारेल आणि सकाळचा पहिला चार्ज १६-१७ अंशांनी थंड पडेल. आज शाफ्ट नरम म्हणून परत आले, उद्या पहिल्या चार्जचे कडक म्हणून येतील. मालकांना हेच सांगा. "हे चुकीचं आहे" म्हणण्यापेक्षा "याने दुसरं रिजेक्शन येईल" हे त्यांना लवकर कळेल, आणि ते खरंही आहे. लबाडी तेव्हा होते जेव्हा ऑडिटरला जुळलेले आकडे दाखवायचे म्हणून ऑफसेट टाकला जातो आणि त्याची नोंद कुठेच नसते. तसा जुना, न लिहिलेला ऑफसेट तुमच्या कंट्रोलरमध्ये आधीच आहे का, हेही बघा. पासवर्ड कोणाकोणाला माहीत आहे?

तीन आकड्यांतला खरा कोणता, हा तुमचा पहिला प्रश्न. मला हा प्रश्नच थोडा बदलावासा वाटतो, कारण हे तिघं एकाच गोष्टीबद्दल बोलत नाहीयेत. कंट्रोलर सांगतो की त्याच्या थर्मोकपलच्या टोकाला किती आहे, तेही केबलची खोट धरून. तुमचा टेस्ट थर्मोकपल सांगतो की झाकणाच्या भोकाखाली किती आहे. आणि जॉबचं तापमान या दोघांनाही माहीत नाही.

गनचा आकडा बाजूला ठेवा. झाकण उचलल्याबरोबर वरचा थर थंड होतो, हे एक. दुसरं, गन पृष्ठभागातून बाहेर पडणारं इन्फ्रारेड मोजते आणि ते किती पडतं हे पृष्ठभागावर अवलंबून असतं. साध्या गन ०.९५ ही एमिसिव्हिटी धरून बनवलेल्या असतात. ऑक्साइड चढलेलं काळं पोलाद ०.८ च्या आसपास असतं, घासलेला चकचकीत शाफ्ट त्याच्या निम्म्याहूनही खाली जातो. शिवाय १२:१ लिहिलेली गन सव्वा मीटरवरून धरली तर ती दहा सेंटिमीटरचा गोल बघते. त्यात शाफ्ट, बास्केटची पट्टी आणि भिंत सगळं आलं. मामांना गन परत करा, पॅनेलमधलं कोणतं टर्मिनल ढिलं होऊन तापतंय ते शोधायला ती झकास आहे.

तुमच्या ६०६ वर मात्र माझा बराच विश्वास आहे, कारण हार्डनेस त्याची साक्ष देतो. ईएन १९ ला या पट्ट्यात २५ अंशांनी जास्त टेम्पर केलं तर दोन-अडीच एचआरसी उतरणं साहजिक आहे, आणि ३१ चे २८-२९ झालेत. फक्त एक खात्री करून घ्या: क्वेंचनंतर (तापवून झटकन थंड केल्यावर), टेम्परिंगच्या आधी घेतलेला हार्डनेस त्या बॅचचा नेहमीसारखा होता ना? तो आधीच कमी असेल तर आपण चुकीच्या भट्टीची चौकशी करतोय.

सर्टिफिकेटबद्दलही एक खटकलं. तुम्ही लिहिलंय, "एनएबीएल आहे, म्हणजे हाच खरा." सर्टिफिकेट उघडून बघितलंत का? त्यात प्रत्येक तापमानाला किती चूक आढळली आणि त्या मोजमापाची अनिश्चितता किती, हे लिहिलेलं असतं. ६०० अंशांच्या ओळीत +२ असेल तर ६०६ म्हणजे ६०४. नवा, चांगल्या दर्जाचा क्लास १ चा के टाइपसुद्धा ५८० अंशांना सव्वादोन अंश इकडे-तिकडे असू शकतो, क्लास २ चा सव्वाचारच्या वर. म्हणजे सगळं ठीक असलेल्या दोन थर्मोकपलमध्येही तीन-चार अंशांचा फरक दिसणारच, त्याच्यामागे धावू नका. सव्वीसचा असा नसतो.

याच्या उलट चूकही मी खूप ठिकाणी पाहतो: भट्टीतला वर्ष-दीड वर्ष चाललेला थर्मोकपल काढून लॅबला पाठवतात, लॅब तो 'ठीक' म्हणून परत पाठवते, आणि सगळे निश्चिंत. वर सांगितलं तसं व्होल्टेज तारेच्या उतरत्या तापमानाच्या भागात तयार होतं. भट्टीत हा भाग लायनिंगच्या जाडीत असतो. लॅबच्या भट्टीत थर्मोकपल वेगळ्या खोलीपर्यंत आत जातो, त्यामुळे तारेचा वेगळा, कदाचित न बिघडलेला तुकडा परीक्षेला बसतो. जुना थर्मोकपल जिथे काम करतो तिथेच तपासायला हवा: शेजारी प्रमाणित थर्मोकपल, दोन्हींची टोकं शक्य तितकी जवळ, भट्टी स्थिर, आणि तुलना पॅनेलवरच्या आकड्याशी, म्हणजे सेन्सर, केबल, कंट्रोलर सगळ्यांची परीक्षा एकदम होते. सीक्यूआय-९ (वाहन उद्योगाचं) आणि एएमएस २७५० (विमान उद्योगाचं) या दोन्ही मानकांमध्ये सिस्टिम ॲक्युरसी टेस्ट म्हणतात ती हीच. तुम्ही झाकणातून केलेली तपासणी याच्या जवळ जाते, फक्त टोकं किती लांब होती ते तुम्ही लिहिलेलं नाही. केबल दुरुस्त केल्यावर ती अशा पद्धतीने पुन्हा करा, एकदा पहिल्या चार्जला आणि एकदा दुपारी. दोन्ही वेळा फरक सारखाच आला तर तुमचा आजार गेला.

नवा कंट्रोलर घेऊन यातलं काहीही सुटणार नाही. आत आलेले मिलिव्होल्ट चुकीचे असतील तर तो ते जास्त सुबक अक्षरांत दाखवेल, एवढंच. जुन्याची शंका असेल तर कॅलिब्रेशनवाल्याला सोर्स (ठरावीक मिलिव्होल्ट देणारं उपकरण) आणायला सांगा, के टाइपचं ५८० द्या, पॅनेलवर काय येतं बघा. पाच मिनिटांचं काम आहे. पैसे खर्चच करायचे असतील तर थर्मोकपलवर करा. तुमची टेम्परिंगची भट्टी नेमकी अशा पट्ट्यात चालते जिथे के टाइप लहरी असतो: साधारण २५० ते ५५० अंशांच्या दरम्यान क्रोमेलची अंतर्गत रचना बदलते आणि रीडिंग काही अंशांनी सरकतं. एन टाइप, म्हणजे वेगळ्या मिश्रधातूंचा थर्मोकपल, हा बराच शांत स्वभावाचा आहे, किमतीतही फार फरक नाही. पण तो लावाल तेव्हा केबल एनची आणि कंट्रोलरमधलं सेटिंगही एनचं, तिन्ही एकाच दिवशी बदला. एन लावून सेटिंग के वर राहिलं तर पॅनेल शंभरेक अंश कमी दाखवेल आणि भट्टी ६८० च्या वर निघून जाईल. आज आहे त्याच्या चौपट मोठं संकट. हार्डनिंगच्या किंवा कार्बुरायझिंगच्या भट्टीचं दुखणं निराळं. तिथे ऑक्सिजन अपुरा असला की के टाइपच्या क्रोमेलमधलं क्रोमियमच तेवढं जळत जातं, तारेवर हिरवट थर येतो आणि रीडिंग महिनोन्महिने हळूहळू खाली सरकतं. चार्ट सरळ, भट्टी मात्र वर वर. तिथे थर्मोकपल बिघडायची वाट न बघता ठरलेल्या तारखेला बदलणं हाच शहाणपणा.

केबल सुटली, तरी जॉबचं काय, हा प्रश्न राहतोच. पिट फर्नेसमध्ये पंखा हवा फिरवतो म्हणून आपण धरून चालतो की सगळीकडे सारखं आहे. बास्केट ठासून भरली की मधल्या शाफ्टपर्यंत हवाच पोचत नाही. वर, खाली आणि मध्ये मिळून नऊ थर्मोकपल लावून, सगळीकडे तापमान सारखं आहे का ते बघणारा युनिफॉर्मिटी सर्व्हे शेवटचा कधी झाला? तो रिकाम्या भट्टीत झाला असेल तर एकदा भरलेल्या बास्केटमध्येही करून बघा, ऑडिटसाठी नाही तर स्वतःसाठी. सोकिंगची (त्या तापमानावर धरून ठेवण्याची) वेळ पॅनेलवर ५८० आल्यापासून मोजता की मधला शाफ्ट तिथे पोचल्यापासून? एका शाफ्टला आतपर्यंत भोक पाडून त्यात बारीक शीथचा थर्मोकपल ठेवा, एक चार्ज चालवा आणि दोन्ही वेळा घड्याळावर बघा. शाफ्ट वाया जाईल. रिजेक्ट झालेल्यांतलाच घ्या.

इतर वाचकांपैकी दुधाच्या धंद्यातले काहीजण हे वाचून म्हणतील की आमच्याकडे थर्मोकपल नाहीतच, पीटी-१०० (रेझिस्टन्सवरून तापमान सांगणारे प्लॅटिनमचे सेन्सर) आहेत. ठीक आहे. तुमचा घोटाळा वेगळ्या दिशेचा. पीटी-१०० चा रेझिस्टन्स शून्य अंशांना १०० ओहम आणि शंभराला साडेअडतीस ओहमने जास्त. तीन तारांचा सेन्सर कोणी दोन तारांवर जोडला तर वायरचा रेझिस्टन्सही तापमान म्हणून मोजला जातो. एक ओहम म्हणजे सुमारे २.६ अंश. भट्टीत ही चूक माल बिघडवते, पण पाश्चरायझरवर पॅनेल ७२ दाखवत असताना दूध ६९.४ वर असतं, आणि १५ सेकंदांचा होल्डिंगचा वेळ मोजण्यात काही अर्थ उरत नाही. तुमच्याकडे तपासणीसाठी बर्फ आहेच: चुरलेला बर्फ, त्याच्या फटी भरतील एवढंच स्वच्छ पाणी, सेन्सर मध्यभागी, शून्य यायला हवं. उकळत्या पाण्यात १०० येत नाही म्हणून सेन्सर फेकू नका, पुण्याच्या उंचीवर पाणी ९८ लाच उकळतं.

परत तुमच्याकडे येतो. मामांना तुम्ही पत्रात "जुन्या वळणाचे" म्हटलंय. असतील. पण सर्टिफिकेटवाल्या थर्मोकपलने तुम्हाला फक्त एक आकडा दिला, मामांनी तो आकडा दिवसभरात कसा वागतो ते सांगितलं, आणि रोगाची नाडी त्यांनाच सापडली. दिवाळीपासून ते दुपारच्या चार्जला सेटिंग स्वतःहून खाली घेत होते का, हे त्यांना प्रेमाने विचारा. तसं असेल तर दोष देऊ नका, वही द्या. कोणत्या चार्जला किती खाली घेतलं, हे तुम्हाला पुढच्या कामासाठी हवंच आहे.

कारण गिऱ्हाइकाला सांगायचं का, या प्रश्नाचं उत्तर हो असंच आहे, आणि परत आलेल्या बॅचपुरतं सांगून भागणार नाही. दिवाळीपासून या भट्टीतून गेलेला सगळा माल संशयात आहे. आधी आपल्याकडच्या हार्डनेसच्या नोंदी काढा. दुपारचे चार्ज वेगळे करा. सॅम्पल ठेवलेली असतील तर पुन्हा तपासा. बराचसा माल ड्रॉइंगमध्ये बसेल असा माझा कयास आहे, आणि तसं असेल तर तेही आकड्यांनिशी सांगता येईल. जो बसत नाही तो पुन्हा हार्डन करून टेम्पर करता येतो, जर ग्राइंडिंग व्हायचं असेल आणि ड्रॉइंगमध्ये मनाई नसेल तर. फिनिश झालेल्या शाफ्टला तो मार्ग नाही, वाकतील. हे आपल्या मनाने ठरवायचं नाही, गिऱ्हाइकाच्या लेखी परवानगीने करायचं.

तुम्ही नोकरी करता, मालक नाही, हे मला कळतं. म्हणून गिऱ्हाइकाला फोन तुम्ही करू नका. एका कागदावर लिहा: केबल कुठे चुकली होती, फोटो, दुरुस्तीआधीची आणि नंतरची सकाळ-दुपारची रीडिंग्ज, संशयातल्या बॅचचे नंबर, त्यांचे हार्डनेस. मालकांना तो द्या आणि तुमच्याकडे तारखेसह एक प्रत ठेवा. चूक सापडली, दुरुस्त झाली, मागचा माल तपासला, असा कागद समोर आला तर बहुतेक ऑडिटर तिथे फार वेळ रेंगाळत नाहीत; चार्ट सगळे सरळ आणि शाफ्ट नरम, असं दिसलं तर मात्र ते खुर्ची ओढून बसतात. मालकांनी तरीही आधी ऑडिट उरकू म्हटलं, तर सर्व्हेच्या रिपोर्टवर किंवा ऑफसेटच्या नोंदीवर तुम्हाला खरी वाटत नाही अशी सही करू नका. रीवर्कचा खर्च कोणी सोसायचा ते त्यांना गिऱ्हाइकाशी बोलू द्या. तुम्ही तोवर पॅनेलच्या दाराला आतून केबलचा प्रकार, रंग आणि जोडणीची तारीख लिहिलेला कागद चिकटवून घ्या, पुढच्या दिवाळीत पॅनेल पुन्हा सरकेल.